धावपट्टीवरचा गुळव्या

कासम मुलाणी दिवसातून एकदाच खोटं बोलायचा. सकाळी पावणेसातला, लोखंडी शिडी चढून वर उभा राहिल्यावर. एरवी माणूस इतका सरळ, की केडगावच्या बाजारात भाजीवालीनं चुकून दोन वांगी जास्त टाकली तर अर्ध्या वाटेवरून परत जाऊन देऊन येणार. त्याची बायको हमीदा त्यावरून त्याला टोमणे मारायची, "दोन वांग्यांसाठी मैलभर चालणारा शहाणा मी तरी दुसरा बघितला न्हाई." अशा माणसाला रोज एक खोटं बोलायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण दोन वर्षं तो ते बोलत होता आणि दोन वर्षं ते खरंच ठरत होतं. त्यामुळं याला खोटं म्हणावं की अंदाज, हे आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. केडगाव आणि भीमा नदी यांच्या मधल्या माळावर, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबची धावपट्टी होती. धावपट्टी म्हणजे काय, तर हजारभर मीटर डांबर, एक पत्र्याचं शेड, त्यात दोन-दोन माणसं बसतील अशी तीन छोटी विमानं, एक टेलिफोन, एक जुनाट रेडिओ आणि राखणीला कासम. चहूबाजूंनी ऊस. तो वाढला की जमिनीवर उभ्या माणसाला उसाचे तुरे आणि आभाळ यापलीकडं काही दिसायचं नाही. म्हणून क्लबच्या प्रमुखांनी शेडला लागून लोखंडी मनोरा उभा केला होता. वर चौकोनी फळी, तिथवर जायला शिडी. रोज सकाळी कासमनं वर चढायचं आणि तीन खुणा बघायच्या. पट्टीच्या टोकाची वाऱ्याची पिशवी, केडगावच्या वाटेवरची पाण्याची टाकी, आणि सगळ्यांत लांब, नदीकडच्या टेकाडावर, ज्ञानदेव थोरातांच्या गुऱ्हाळाचं धुराडं.

प्रमुख म्हणजे कॅप्टन बबनराव पलांडे. मूळचे केंदूरचे, साठीला टेकलेले, आयुष्य विमानात गेलेलं. तरुणपणी एकदा ढगात घुसायची हौस केली आणि उतरताना उजव्या गुडघ्याचा चुरा करून घेतला. तेव्हापासून त्यांना शिडी चढवत नव्हती आणि ढगांशी मस्करीही चालत नव्हती. त्यांचा नियम साधा होता. धुराडं दिसलं तर शिकाऊ पोरांनी उडायचं. टाकीपर्यंतच दिसलं तर फक्त कॅप्टननी. टाकीही दिसली नाही तर विमानांनी शेडात झोपायचं. "मोठ्या विमानांना यंत्रं वाट दाखवतात," ते नव्या पोरांना सांगायचे, "आपल्याला डोळे दाखवतात. डोळ्यांना दिसेना झालं, की हे विमान नाही, उडती तिरडी आहे."

आणि या डोळ्यांच्या कामाला त्यांनी निवडला होता कासम. त्यामागंही कारण होतं. कासम तीस वर्षं थोरातांच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. थोडा आधी उतरवला तर गूळ पाघळतो, थोडा उशीर झाला तर करपतो. कासमला ते रंगावरून कळायचं, वासावरून कळायचं, बुडबुड्यांच्या आवाजावरूनसुद्धा कळायचं. गूळ घ्यायला आलेल्या कॅप्टननी एकदा त्याला काहिलीशी उभं राहून काम करताना पाहिलं आणि ज्ञानदेवांना म्हणाले, "मालक, हा डोळा मला द्या." चौऱ्याण्णव साली कासम धावपट्टीवर आला. गुऱ्हाळापेक्षा पगार बरा, वर अंगाला जाळाची धग नाही. हमीदानं त्या दिवशी शेजारपाजारी गोड शिरा वाटला होता.

पण तीस वर्षांच्या धगीनं आणि वाफेनं जे करायचं ते आधीच करून ठेवलं होतं. शहाण्णव सालच्या थंडीत कासमला धुराडं दिसेनासं झालं आणि टाकी पुसट दिसायला लागली. नंतर टाकीही गेली. केडगावात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. काढून टाका, झकास दिसेल." कासमच्या थोरल्या भावाच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू असाच काढला होता आणि तो डोळा कायमचा गेला होता. कासमनं मान डोलावली, चिठ्ठी खिशात घातली आणि घरी येऊन ती चुलीत टाकली.

"कॅप्टन सायबाला सांगा तरी," हमीदा म्हणाली.

"काय सांगू? ज्या डोळ्यांसाठी ठेवलं तेच गेलं म्हनू?"

हमीदानं चुलीत लाकूड सारलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि पुढं या गप्प बसण्याचा तिला फार त्रास झाला.

आता आंधळ्याला वाट सापडते तशी कासमलाही त्याची वाट सापडली. धुकं असलं की शेडच्या पत्र्यावरून पहाटेपासून दव ठिबकायचं. धुक्यात केडगावला लागलेल्या गाडीची शिट्टी अगदी कानाशी वाजल्यासारखी यायची. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे गुऱ्हाळाचा धूर. हवा मोकळी असली की धूर सरळ वर निघून जायचा. धुकं दाबून बसलं की तो वर चढायचाच नाही, उसावरून पसरत पट्टीपर्यंत यायचा आणि मनोऱ्यावर जळक्या चिपाडाचा आणि उकळत्या रसाचा वास दरवळायचा. वास आला तर धुराडं दिसत नाही, वास नाही तर दिसतंय. गुऱ्हाळ बारमाही, चुलवाण रोज पहाटे चारला पेटायचं. कासमचं नाक तीस वर्षं त्याच वासात मुरलेलं. दोन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. कॅप्टन खालून विचारायचे, "कासम, धुराडं?" आणि कासम पांढऱ्या पडद्याकडं तोंड करून, खोल श्वास घेऊन, सांगून टाकायचा.

डिसेंबरातल्या त्या सकाळी क्लबची एक विद्यार्थिनी सोलापूरहून परत यायची होती. गौतमी ओव्हाळ तिचं नाव. दौंडची, बावीस वर्षांची, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होती. एकटीनं लांब जाऊन यायची तिची ही पहिलीच फेरी. आदल्या दिवशी सोलापूरला पोचली, पण संध्याकाळी हवा धुरकट झाली म्हणून कॅप्टननी तिला तिथंच मुक्काम करायला लावलं. तिला न्यायला तिचे वडील पहाटेच्या गाडीनं येऊन शेडातल्या बाकावर बसले होते. कोंडिबा ओव्हाळ, रेल्वेत गँगमन. मांडीवर डबा, त्यात लेकीसाठी बाजरीची भाकरी आणि मेथीचं पिठलं. पोरगी विमान घेऊन येणार आणि आपण ते डोळ्यांनी बघणार, यापुढं त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

पावणेसातला कासम वर चढला. समोर रोजचाच पांढरा पडदा. पत्र्यावरून थेंब पडत होते, पण थोडेच. गाडीची शिट्टी त्यानं ऐकली नव्हती, कारण कोंडिबांशी बोलण्यात गाडी कधी गेली ते कळलंच नाही. त्यानं नाक वर केलं. वास नाही. पुन्हा एकदा श्वास घेतला. अजिबात नाही.

"कासम, धुराडं?" कॅप्टन टेलिफोन कानाला लावून शेडाच्या दारात उभे होते. तिथून त्यांना जवळच्या उसाचे तुरेच दिसत होते, आणि तेवढं साफ होतं. तिकडं सोलापूरला गौतमी वाट बघत होती.

"दिसतंय, सायेब."

"ये," कॅप्टन फोनमध्ये म्हणाले. "सातला नीघ. इथं साफ आहे."

सात वाजता ती निघाली. एक तास दहा मिनिटांची वाट, म्हणजे आठ-दहाला डोक्यावर. कॅप्टन कोंडिबांच्या शेजारी बसून चहा पिऊ लागले आणि त्यांना समजावून सांगू लागले. सोलापूरला या विमानांचं पेट्रोल मिळत नाही. जाताना भरलेल्या टाकीवरच परत यायचं. पोरगीकडं निघताना दीड तासाचं पेट्रोल होतं, यायला पुरेसं. "पण बघा," ते बोटांवर मोजत म्हणाले, "पावणेआठनंतर तिनं मागं फिरायचं ठरवलं, तर सोलापूरला पोचणार नाही. पावणेआठनंतर तिला इथंच उतरायला लागणार. म्हणून आधी हवा बघायची, मग सोडायचं."

"आन् हितं न्हाई उतरता आलं तर?" कोंडिबांनी विचारलं.

"तर पुणं, बारामती. पण या खोऱ्यात धुकं पडलं की सगळीकडं एकदमच पडतं. त्याची काळजी नको आज. धुराडं दिसतंय."

कोंडिबा बापच होते, एवढ्यावर कसे थांबणार? त्यांनी कासमकडं बघितलं. "कासमभाई, तुमच्या नजरेवर हाय बगा सगळं." ते कौतुकानं म्हणाले होते. कासमनं नुसतं हूं केलं.

सात-वीसला उसातल्या वाटेनं सायकल आली. ज्ञानदेव थोरात. डोक्याला मफलर, पायात चिखल, आणि आल्या आल्या त्यांचं सुरू झालं, "अरं कासम, तुमचा वेल्डिंगवाला हाय का? धुराडं पडलं बग काल सांजचं. बुडातनंच गंजलं हुतं. सगळं काम बंद, ऊस पडून हाय, चुलवाण थंड."

कासमच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यानं जपून खाली ठेवला.

"काल पडलं?"

"काल, दिवस मावळायच्या टायमाला. आज जाळ केलाच न्हाई. कुटं हाय तुमचा मिस्त्री?"

"यील नवाला," कासम म्हणाला. त्याला त्याचाच आवाज अनोळखी वाटला. कॅप्टन आत रेडिओपाशी गेले होते, त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. ज्ञानदेव म्हणाले मी नवाला येतो, आणि सायकल वळवून गेले. जाता जाता पाठमोरेच ओरडले, "नदीकडं लई गच्च हाय रं आज! समोरचा बैल दिसंना!"

कासमनं नाक पुन्हा वर केलं. जळक्या चिपाडाचा वास आला नाही, कारण चिपाड जळलंच नव्हतं. आणि त्या नसलेल्या वासावर त्यानं एक पोरगी आभाळात सोडली होती. जे धुराडं कालच आडवं झालं होतं ते त्यानं आज सकाळी बघितलं होतं. तोंडानं सांगितलं होतं, दिसतंय म्हणून.

तो उठून शेडामागं गेला आणि पत्र्याला टेकून उभा राहिला. शेडातलं घड्याळ तिथून दिसायचं नाही, पण टोले ऐकू यायचे. साडेसातचा एक टोला पडला. पावणेआठला पंधरा मिनिटं होती.

आता इथं कासमला भ्याड म्हणणं सोपं आहे. म्हणावंसं मलाही वाटतं. पण त्याच्या डोक्यात नुसती भीती नव्हती, हिशोबही होता, आणि तो हिशोब अगदीच खोटा नव्हता. भीमेचं धुकं त्याला ठाऊक होतं. दिवस उगवल्यावर ते आणखी दाटतं, आठ वाजले की सैल होतं, आणि दहातल्या आठ वेळा सव्वाआठच्या आत उचलून जातं. पोरगी येणार आठ-दहाला. म्हणजे बहुतेक काहीच होणार नाही. ती येईल, उतरेल, बापाची भाकरी खाईल. नवाला ज्ञानदेव येतील, धुराडं पडल्याचं कॅप्टनना सांगतील, तेव्हा काहीतरी थाप मारता येईल. नोकरी राहील, इज्जत राहील. आणि सांगितलं तर? चार वर्षांचं नाव एका वाक्यात जाईल. पंचायतीपासून मशिदीपर्यंत लोक म्हणतील, आंधळ्यानं पोरं उडवली.

दहातल्या आठ वेळा. आणि उरलेल्या दोन? उरलेल्या दोन वेळा ते नऊपर्यंत बसतं. दीड तासानंतर पंखा थांबतो. खाली ऊस, तारा, नदी, आणि काही दिसत नाही.

"कासमभाई, हितं काय करताय?" कोंडिबा तंबाखू मळत मागं आले होते. त्यांनी हात पुढं केला. कासमनं चिमूट घेतली, पण तोंडात टाकायचं राहिलं.

"उसात धुकं आल्यागत वाटतंय जरा," कोंडिबा म्हणाले. "पर तुमी बगितलंय म्हंजी बगितलंय. आमचंबी काम धुक्याचंच. गच्च पडलं की आमाला कंदील घिऊन रुळावर धाडत्यात, सिग्नलच्या अलीकडं फटाके बांधाय. इंजन वरनं गेलं की फटाका वाजतोय, डायव्हरला कळतंय सिग्नल आला."

"डायव्हरला ठाव असतंय की सिग्नल कुटं हाय ते," कासम कसाबसा म्हणाला.

"त्योच तर घात हाय. वीस-वीस वरसं त्याच रस्त्यानं गाडी आणत्यात. समदं पाठ. मंग दिसत न्हाई तरी त्यास्नी दिसतंय. हिरवा व्हता म्हनून शपथ घेत्यात. पाठ झाल्यालं माणसाला दिसतंय, कासमभाई. म्हनून फटाका."

कासमनं कोंडिबांकडं बघितलं. तीन हातांवरचा चेहराही त्याला धड दिसत नव्हता, नुसती पांढरी टोपी आणि खाली काळसर गोल. त्या गोलाला एक मुलगी होती. एकच होती. कासमनं तंबाखू झटकली आणि तो शेडात गेला. वाटेत त्याचा पाय बाकाला लागला, डबा खाली पडून घरंगळत गेला, कुणी उचलला नाही.

"सायेब, धुराडं न्हाई दिसलं मला."

कॅप्टननी मान वर केली. "आता झाकलं?"

"न्हाई. सकाळीबी न्हाई दिसलं. धुराडं कालच पडलंय, थोरात सांगून गेले. मी वासावर सांगितलं." त्यानं दाराची चौकट धरली. "मला टाकीबी दिसत न्हाई, सायेब. दोन वरसं झाली. डोळं गेल्यात माजं."

कॅप्टननी घड्याळाकडं बघितलं. सात अडतीस. मग ते मोडक्या गुडघ्यानं उठले ते असे, की खुर्ची मागं जाऊन आदळली.

"ओव्हाळ! वर चढा! टाकी दिसते का सांगा!"

कोंडिबांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण हाक कशी आहे ते कळलं. खडी वाहून घट्ट झालेला माणूस, चार ढांगांत शिडी चढला. वर तो चारी बाजूंना वळला. मग आवाज आला. "सायेब, टाकी कुटली... पिशवीबी दिसंना!"

कॅप्टन रेडिओशी वाकले. क्लबचा रेडिओ थकलेला, साठ-सत्तर किलोमीटरच्या आत आल्याखेरीज आवाज धड लागायचा नाही. ते तिचं नाव घेऊन हाक मारत राहिले. खरखर. पुन्हा हाक. खरखर. तिथल्या रेडिओवरून तरी तिला गाठता यावं म्हणून डाव्या हातानं त्यांनी सोलापूरचा फोन फिरवला, लाइन मिळेना. सात बेचाळीस. कोंडिबा शिडी उतरून दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी कासमकडं बघितलं, मग रेडिओकडं, आणि आता त्यांना सगळं कळलं. भिंतीचा आधार घेऊन खाली बसले.

सात चव्वेचाळीसला खरखरीतून तिचा आवाज आला. खुशीत होती.

"सर, भिगवणच्या जवळ आहे. खाली पुढं सगळं पांढरं दिसतंय, पण वर मस्त ऊन आहे. आप्पा आलेत का?"

"गौतमी, मागं फिर. सोलापूरला जा."

"सर? तुम्ही म्हणालात साफ आहे. अर्धा तासच राहिलाय. तोवर उठेल की धुकं."

ती काही चुकीचं बोलत नव्हती. कासमनं शेडामागं उभं राहून हेच तर मनाशी म्हटलं होतं. कॅप्टनचा हात बटणावर होता. तिचं पेट्रोल आता कुठंही गेली तरी काठावरचं होतं. मागं वळवलं तर सोलापूरला पोचेल, पण टाकी खरवडून. पुढं येऊ दिलं तर कदाचित ऊन, कदाचित ऊस. दोन्हीकडं धोका होता, पण सोलापूरला जमीन दिसत होती.

"उठेल किंवा उठणार नाही," ते म्हणाले. "इथं कुणालाही काही दिसत नाही. तुला सांगितलं ते चुकीचं होतं. फिर, आत्ता. नाक पूर्वेला कर आणि हात हलका ठेव, पेट्रोल पुरवून वापर. ऐकलंस का?"

खरखर. त्यांनी पुन्हा विचारलं. एक तुटका शब्द आला, सर असावा, नंतर काहीच नाही. ती वळली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. वळली असली तर आवाजाच्या पल्ल्याबाहेर चालली होती. वळली नसली तर आवाज वाढायला हवा होता. कॅप्टन हाका मारत राहिले आणि तिघंही ऐकत राहिले. जगात फक्त तेवढी खरखर उरली होती.

आठला उसाच्या पानांवर सोनेरी कडा आली. आठ-पाचला पिशवी दिसली. मग जे व्हायचं ते भराभर झालं. धुकं मधोमध फाटलं, पांढऱ्या पट्ट्या नदीकडं सरकल्या, आणि आठ-दहाला आभाळ असं लख्ख झालं, की घासूनपुसून ठेवल्यासारखं. कोंडिबा पट्टीच्या मध्यावर जाऊन उभे होते, तोंड वर करून. पूर्वेकडून काही येत नव्हतं. आठ-वीस. काही नाही. येत नाही म्हणजे वळली, असं कॅप्टन म्हणाले. हो, वळलीच असणार. पण कुणाचंच मन त्या शब्दावर टेकेना.

कासम शेडाच्या दारातच उभा होता. ऊन त्याला अंगावर कळत होतं.

"साफ झालं का?" त्यानं हळूच विचारलं.

"झालं," कॅप्टन म्हणाले. "साडेसातला सांगितलं असतंस तर सोलापूरचा फोन तरी लागला असता, तिथून तिला वेळेत वळवता आलं असतं. आणि सांगितलंच नसतंस तर ती आत्ता इथं उतरली असती."

कासमनं मान खाली घातली. एवढं सगळं बोललो ते फुकटच का, असं त्याच्या मनात आलं, आणि ते आल्याची त्याला लाज वाटली. "मंग मी काय करायला पायजे हुतं, सायेब?"

कॅप्टन खाली पडलेली खुर्ची उचलत होते. "दोन वर्षांपूर्वी बोलायला पाहिजे होतंस," ते म्हणाले. "आणि मी दोन वर्षांत एकदा तरी वर चढायला पाहिजे होतं. नियम केला, माणूस ठेवला आणि खाली चहा पीत बसलो. सहाशे वेळा तरी पोरं सोडली असतील मी तुझ्या तोंडावर." तो आकडा त्यांच्याच तोंडून निघाला आणि ते आहेत तिथं बसले. आयुष्यात कुणी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

कासमचे मोतीबिंदू पुढं फेब्रुवारीत काढले, कॅप्टनच घेऊन गेले, आणि दोन्ही डोळे चांगले झाले. मनोऱ्यावर तेव्हापासून रोज दोन माणसं चढू लागली, वेगवेगळी, एकमेकांना न विचारता आपापलं सांगायची. कासम राखणीला राहिला, शिडीवर मात्र त्याला कुणी पाठवलं नाही, आणि नवे डोळे आल्यावरही त्यानं ते मागितलं नाही. हे सगळं नंतरचं. त्या सकाळी साडेआठ वाजून गेले तरी फोन गप्प होता.

आठ-पस्तीसला तो वाजला. कॅप्टननी उचलला, ऐकलं, डोळे मिटले आणि दाराकडं बघून अंगठा वर केला. कोंडिबा धावत येत होते, तो अंगठा बघून वाटेतच मटकन डांबरावर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. पोरगी उतरली होती. टाकीत जेमतेम पेलाभर पेट्रोल उरलं होतं म्हणे.

कॅप्टन फोनवर तिला सांगत होते, की जीपनं पेट्रोल पाठवतो, दुपारपर्यंत बस. मग त्यांनी थोडं ऐकलं आणि फोन कासमसमोर धरला. "तुला मागतेय."

कासमनं हात पुसून फोन कानाला लावला. तिकडून तिचा आवाज आला, दमलेला, पण नेहमीसारखाच हसरा. तिला काहीच माहीत नव्हतं.

"कासममामा, सर तर आज लई घाबरल्यात. तुम्ही सांगा बघू नीट. आता कसं हाय तिथं? धुराडं दिसतंय का? पेट्रोल आलं की मी निघू का?"

कासमच्या ओठांवर रोजचा शब्द आला होता. त्यानं तो गिळला.

"मला न्हाई दिसत, पोरी," तो म्हणाला. "मला दोन वरसं झाली काहीच दिसत न्हाई. तू माज्यावर इस्वास ठेवत व्हतीस आन् मी तुला अंदाज सांगत व्हतो."

कासम थांबला, तिनं काहीतरी बोलावं म्हणून. मग त्यानं फोन तसाच बाजूला ठेवला आणि भिंतीवर हात टेकत टेकत दारापर्यंत जाऊन हाक मारली, "ओव्हाळ, या. तुमीच बगा आन् तुमीच सांगा तिला."